दुपारी हरवणारे काळे: सभासद यादीच्या क्रमवारीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर कोकणातली एक नागरी सहकारी पतसंस्था. सभासद सुमारे चाळीस हजार, शाखा अनेक. हिशेबाचे सॉफ्टवेअर जुने, सी भाषेत लिहिलेले आणि लिनक्स सर्व्हरवर चालणारे. मजकूर पूर्वी जुन्या मराठी फॉन्टांच्या खास सांकेतिकीकरणात होता. काही वर्षांपूर्वी तो युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक), आणि तो साठवण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत, बदलून घेतला होता.

या प्रकरणात दोन प्रोग्राम येतात. पहिला 'यादी'. तो सगळे सभासद आडनावाच्या क्रमाने लावून एक फाइल तयार करतो आणि 'जे' नमुन्यातली सभासद यादी त्याच फाइलवरून छापली जाते. दुसरा काउंटरवरचा 'शोध'. तो तीच फाइल वाचतो आणि बायनरी सर्चने, म्हणजे मधली ओळ बघून दर वेळी अर्धी यादी सोडून देत, नाव काढतो. म्हणजे एकजण क्रम लावतो आणि दुसरा त्या क्रमावर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

दोन्ही प्रोग्राम मुळात स्ट्रकम्पवर, म्हणजे दोन मजकुरांची तुलना करणाऱ्या सी भाषेतल्या फंक्शनवर, उभे होते. स्ट्रकम्पला भाषा कळत नाही, ते बाइट बघते. यूटीएफ-8 ची रचना अशी आहे की बाइटचा क्रम आणि युनिकोड क्रमांकांचा क्रम एकच येतो, त्यामुळे देवनागरीत हे बरेचसे निभावते: अ ते औ, क ते ह, मग काना-मात्रा, मग हलन्त. 'कमल' आधी आणि 'काका' नंतर, 'कौशल्य' आधी आणि 'क्रांती' नंतर, हे सगळे फुकटात मिळते. बिघडते ते तीन-चार ठिकाणीच, पण ती ठिकाणे नेमकी मराठीची आहेत.

ळ चा युनिकोड क्रमांक 0933, म्हणजे ल (0932) च्या लगेच पुढे. आपल्या वर्णमालेत मात्र तो ह नंतर बसतो. ॲ चा क्रमांक 0972. हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली, आवृत्ती 5.1 मध्ये आले, तोवर वरची जागा भरलेली होती. म्हणून वसईकडच्या सभासदांमधले 'ॲल्मेडा' यादीत 'होळकर' यांच्याही खाली, शेवटच्या पानावर जाऊन बसत.

अडचण

यादीबद्दल तक्रारी आल्यावर देखभाल करणाऱ्या प्रोग्रामरने 'यादी' मध्ये स्ट्रकम्पच्या जागी स्ट्रकोल घातले. हे फंक्शन चालू लोकेलच्या, म्हणजे निवडलेल्या भाषा-प्रदेशाच्या, नियमांनी तुलना करते. काहीच फरक पडला नाही. सी प्रोग्राम सुरू होतो तो नेहमी 'सी' लोकेलमध्ये आणि तिथे स्ट्रकोल म्हणजे स्ट्रकम्पच. मग सुरुवातीला सेटलोकेलची (लोकेल ठरवणाऱ्या फंक्शनची) ओळ घातली, लोकेलचे नाव रिकामे ठेवून, म्हणजे परिसरातून, प्रोग्राम चालतो तिथल्या सेटिंगमधून, जे मिळेल ते घ्या असे सांगून. हाताने चालवून पाहिले: ॲल्मेडा वर आले, काळे कासारांच्या खाली गेले. काम झाले असे समजून विषय मिटला.

पुढे कित्येक महिने काहीच घडले नाही. मग संचालक मंडळाच्या निवडणुकीची तयारी सुरू झाली आणि काउंटरवर विचित्र प्रकार सुरू झाले. सभासद छापील यादीतल्या आपल्या नावावर बोट ठेवून विचारत, "यादीत माझं नाव आहे, मग तुमच्या मशीनमध्ये का नाही?" कर्मचारी 'काळे' टाइप करत आणि उत्तर येई, सभासद सापडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच काळे व्यवस्थित सापडत. कधी साळुंखे हरवत, कधी गोळे, ॲल्मेडा तर हटकून. पाटील आणि पवार यांना कधीच त्रास झाला नाही.

डेटाबेस बिघडला, डिस्क गेली, नेटवर्क खराब आहे अशा सगळ्या शंका घेऊन झाल्या. दुपारी हरवणे आणि सकाळी परत येणे एवढाच धागा हाती होता, आणि तो पुरेसा होता.

मूळ कसे सापडले

फाइल रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) तयार होत असे. निवडणुकीच्या दिवसांत मात्र कारकून मंडळी दुपारी हाताने 'यादी' चालवून ताजी प्रत छापत. दोन्ही वेळी प्रोग्राम तोच, सभासद तेच. दोन्ही वेळच्या फाइली बाजूला ठेवून तुलना केली तर ओळींची संख्या सारखी, क्रम वेगळा. पुढची पायरी एका आदेशाची: एलसी_ऑल या लोकेल ठरवणाऱ्या सेटिंगला 'सी' देऊन 'सॉर्ट' हा आदेश 'फक्त तपासा' या पर्यायाने फाइलवर चालवला. रात्रीच्या फाइलवर तो गप्प राहिला. दुपारच्या फाइलवर त्याने पहिली चुकलेली ओळ क्रमांकासह दाखवली, आणि तिच्या लगेच वर ॲल्मेडा होते.

कारण असे. सेटलोकेलला रिकामे नाव दिले की ते आधी एलसी_ऑल पाहते, मग एलसी_कोलेट, मग लँग. लॉगिन केलेल्या माणसाच्या शेलमध्ये लँग मराठीला लावलेले होते. क्रॉन मात्र अगदी तुटपुंज्या परिसरात काम चालवतो, तिथे यातले एकही नव्हते. म्हणून रात्रीची फाइल 'सी' क्रमाने आणि दुपारची मराठी क्रमाने. 'शोध' मध्ये तर कोणी हातच लावलेला नव्हता, तिथे अजून स्ट्रकम्प. रात्रीची फाइल त्याच्याशी जुळत होती आणि दुपारची नाही. महिनोन्महिने सारे सुरळीत वाटले ते दुरुस्ती कधी लागूच झाली नव्हती म्हणून.

इथे एक बारकावा आहे आणि त्यात अनुभवी माणसेही फसतात. सेटलोकेल अपयशी झाले तर नल (रिकामे उत्तर) देते, म्हणून नल तपासा, असे सगळे सांगतात. मागितलेले लोकेल यंत्रावर बसवलेलेच नसेल तर नल येतो, हे खरे. पण क्रॉनमध्ये काहीच मागितलेले नव्हते. अशा वेळी ते यशस्वी होते आणि 'सी' हे नाव परत देते. नलची तपासणी इथे पास झाली असती. प्रोग्रामने सुरुवातीलाच 'ॲ' आणि 'ह' यांची स्ट्रकोलने तुलना करावी आणि ॲ खाली आला तर थांबावे. ही दोन ओळींची तपासणी जास्त भरवशाची.

आता काळे कधी सापडत आणि कधी नाही ते पाहू. दुपारच्या फाइलीत क्रम असा होता:

कावळे
काशीद
कासार
काळभोर
काळे

'शोध' स्ट्रकम्पने बघतो, आणि त्याच्या लेखी काळे हे कावळेंच्या आधी यायला हवेत. शोधताना मधला टप्पा कावळे, काशीद किंवा कासारवर पडला की तो वरच्या भागाकडे वळतो आणि खालच्या काळेंकडे पुन्हा येत नाही. टप्पा थेट काळेंवरच पडला तर मात्र सापडतात. टप्पे कुठे पडणार हे एकूण ओळींवर ठरते. एका शाखेत चार नवे सभासद नोंदले की काल सापडलेला आज हरवू शकतो. ॲल्मेडांना एवढीही संधी नव्हती. पहिला टप्पा फाइलच्या मध्यावर, प किंवा भ च्या आसपास पडे, स्ट्रकम्प सांगे ॲ मोठा आहे, आणि शोध खालच्या अर्ध्यात निघून जाई.

चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली, जिचा लोकेलशी संबंध नव्हता. 'कऱ्हाडकर' हे आडनाव दोन तऱ्हांनी साठवलेले होते. काही नोंदींत ऱ हे स्वतंत्र अक्षर (0931), काहींत साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. बाइट मोजले तर पहिले 24 आणि दुसरे 27. यादीत आधी जोडचिन्हवाले सगळे कऱ्हाडकर अनिलपासून विजयपर्यंत आणि मग पुन्हा अनिलपासून सुरुवात. ॲ चीही तीच कथा: कुठे ॲ, कुठे अ वर वेगळी अर्धचंद्राची खूण, कुठे हिंदी कीबोर्डवरचा ऍ.

समोर असलेले पर्याय

दोन्ही ठिकाणी पुन्हा स्ट्रकम्प करणे सर्वांत स्वस्त होते. हरवणे लगेच थांबले असते, पण मूळ तक्रार तशीच राहिली असती. तरीही तातडीचा उपाय म्हणून त्याच दिवशी हेच केले. हा निर्णय योग्य होता. चुकीच्या जागी छापलेले नाव डोळ्यांनी शोधता येते, न सापडणाऱ्या नावामुळे माणूस काउंटरवरून परत जातो.

दुसरा पर्याय दोन्हीकडे स्ट्रकोल, मराठी लोकेल नाव देऊन सक्तीने. पुस्तकी उत्तर हेच, पण अडचण मालकीची आहे. स्ट्रकोल कोणता क्रम देईल ते सी लायब्ररीसोबत येणारा तक्ता ठरवतो, तुमचा प्रोग्राम नाही. जीलिबसीच्या (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीच्या) 2.28 या आवृत्तीत, ऑगस्ट 2018 मध्ये, हे तक्ते मुळापासून बदलले. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्या अनेकांच्या मजकुरावरच्या इंडेक्सना (शोधासाठी क्रमाने लावलेल्या सूचींना) तेव्हा झळ बसली, कारण जुन्या क्रमाने लावलेला इंडेक्स नव्या क्रमाने वाचला जाऊ लागला. म्हणजे आपल्या काळेंचेच दुखणे, मोठ्या प्रमाणावर. शिवाय काही शाखांत प्रोग्राम अल्पाइन या छोट्या लिनक्सवरच्या कंटेनरमध्ये (आपला परिसर सोबत घेऊन चालणाऱ्या बंदिस्त डब्यात) चालत. त्यातल्या मसल या सी लायब्ररीत स्ट्रकोल आतून सरळ स्ट्रकम्पलाच बोलावते. तिथे लोकेलचे कोणतेही नाव दिले तरी क्रम बाइटचाच.

तिसरा पर्याय आयसीयू, युनिकोड मजकुराची क्रमवारी वगैरे कामे करणारी तयार लायब्ररी. तिच्यात मराठीचे नियम आहेत, गरज पडल्यास नियम मजकुरात लिहून बदलता येतात, आणि आवृत्ती गोठवून प्रोग्रामसोबत नेता येते. सोबतचा डेटा सुमारे तीस एमबी, तो आज कोणाला जड नाही. बहुतेक कामांसाठी हाच पर्याय घ्यावा असे आमचे मत आहे. या प्रकरणात तो मागे पडला तो पुढे सांगितलेल्या क्ष मुळे.

चौथा पर्याय स्वतःचे भारांक लिहिणे: प्रत्येक अक्षराला एक भार, नावाची एक सॉर्ट-की (त्याच्या अक्षरांच्या भारांची ओळ), आणि सगळीकडे त्या कीचीच तुलना. यात धोका असा की ते कायमचे आपल्या गळ्यात पडते.

क्रम कोणी ठरवायचा

पर्यायांवर बोलता बोलता लक्षात आले की हवा असलेला क्रम कुठे लिहिलेलाच नाही. ळ आणि ॲ बद्दल वाद नव्हता. राज्य शासनाच्या 2009 च्या निर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत आले, ए-ॲ-ऐ आणि ओ-ऑ-औ असे. अनुस्वाराचा प्रश्न होता. बाराखडी म्हणताना 'कं' शेवटी येतो, पण शब्द लावताना 'कंक' आधी आणि 'कदम' नंतर अशी संस्थेच्या जुन्या हस्तलिखित नोंदवहीची पद्धत होती. तीच धरली.

खरा प्रश्न क्ष चा. वर्णमालेत तो ळ नंतर, नोंदवहीतही क्षीरसागर शेवटच्या पानांवर. म्हणून क्ष आणि ज्ञ स्वतंत्र अक्षरे धरून नमुना यादी काढली. काउंटरवरच्या बाईंनी ती पाहून पहिल्याच मिनिटात विचारले, "लक्ष्मण कुठे गेले?" ते 'लहू' च्याही खाली गेले होते. क्ष स्वतंत्र म्हटला की तो शब्दाच्या मध्येही स्वतंत्र होतो आणि 'लक्ष्मण', 'दीक्षित' अशी नावे कोणी शोधणार नाही तिथे जाऊन पडतात. लोकांच्या मनातला नियम दुटप्पी निघाला: शब्दाच्या आरंभी क्ष वेगळे अक्षर, मध्ये आला तर क चे जोडाक्षर. संस्थेच्या सचिवांनी तोच मान्य केला आणि बैठकीच्या टिपणात लिहून घेतला.

हा नियम तयार लोकेलमध्ये नाही आणि आयसीयूच्या नियमांतही सरळ मांडता येत नाही. स्वतःच्या कीमध्ये मात्र एका अटीचे काम. चौथा पर्याय निवडला गेला तो इथे.

केलेले काम

आधी शुद्धीकरण. युनिकोडचे ठरलेले एनएफसी रूप (सुटी चिन्हे जोडून एकच अक्षर करणारे) इथे अर्धेच उपयोगी पडते. र आणि नुक्ता सुटे असतील तर ते जोडून ऱ करते. जोडचिन्हवाल्या र ला ते हात लावत नाही, अ आणि सुटी अर्धचंद्राची खूण मिळून ॲ करत नाही. म्हणून चार नियम हाताने लिहिले आणि क्रमाने लावले: र, हलन्त, जोडचिन्ह यांच्या जागी ऱ आणि हलन्त, र आणि नुक्ता यांच्या जागी ऱ, ऍ किंवा अ-अर्धचंद्र यांच्या जागी ॲ, शेवटी उरलेली शून्य रुंदीची सगळी चिन्हे काढून टाकणे. काढून टाकण्याचा नियम चुकून आधी लावला तर 'कऱ्हाड' चे 'कर्हाड' होते. पहिल्या चाचणीत हे घडलेच.

मग भारांक. एका अक्षराला एक बाइट, चढत्या क्रमाने असे:

- शब्दांमधली मोकळी जागा: 1 (शून्य वापरायचे नाही, म्हणजे तयार कीवर स्ट्रकम्प चालते)
- अंक, देवनागरी आणि इंग्रजी एकाच भाराचे
- अनुस्वार आणि चंद्रबिंदू एकाच भाराचे, मग विसर्ग
- स्वर अ ते औ, ॲ आणि ऑ आपापल्या जागी
- व्यंजने क ते ह, मग ळ, आणि आरंभीचे क्ष, ज्ञ
- काना, वेलांट्या, उकार, मात्रा, स्वरांच्याच क्रमाने
- सर्वांत जास्त भार हलन्ताचा

मोकळ्या जागेचा भार सर्वांत कमी असल्याने सगळे 'पाटील' संपल्याशिवाय 'पाटीलबुवा' येत नाहीत. ऱ ला र चाच भार दिला. त्यामुळे कर्णिक, कर्वे, कऱ्हाडकर असा क्रम येतो आणि वाचणाऱ्याला तो खटकत नाही.

की प्रत्येक नावाची एकदाच काढून नोंदीसोबत ठेवली. चाळीस हजार नावे लावताना तुलना सहा लाखांच्या घरात होतात. दर तुलनेत शुद्धीकरण करणे म्हणजे तेच पीठ पुन्हा पुन्हा दळणे. स्ट्रएक्सफर्म हे फंक्शन लोकेलच्या बाबतीत हेच काम करते. ते वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: आधी नल बफर आणि शून्य आकार देऊन लांबी विचारा, तिच्यात एक मिळवा आणि तेवढी जागा घ्या. परत आलेली लांबी बफरच्या आकाराएवढी किंवा जास्त असेल तर बफरमध्ये काय आहे याची हमी नाही. अर्धवट की म्हणूनही ती वापरू नये.

लांबीचाच दुसरा फटका प्रोग्राममधल्या जुन्या रचनेत होता. आडनावाचा रकाना 24 बाइटचा. 'क्षीरसागर' म्हणजे नऊ चिन्हे, प्रत्येकी तीन बाइट, एकूण 27. शेवटचा शून्य बाइट धरला तर 23 च उरत, म्हणजे सात पूर्ण चिन्हे आणि आठव्याचे दोनच बाइट. रकाना वाढवला आणि मजकूर कापावाच लागला तर अक्षराच्या सीमेवर कापणारे छोटे फंक्शन लिहिले.

की सारखी आली तर शुद्ध केलेल्या नावाचे स्ट्रकम्प आणि त्यानंतर सभासद क्रमांक. क्यूसॉर्ट हे क्रम लावणारे फंक्शन सारख्या नोंदींचा मूळ क्रम राखेलच असे सी चे मानक सांगत नाही. हा शेवटचा निकष नसता तर दोन छपायांत अनिल काळे वर-खाली झाले असते. 'शोध' मधले बीसर्च हे सी चे तयार बायनरी सर्च फंक्शनही काढले. ते सारख्या नोंदींपैकी कुठलीही एक देते आणि काउंटरला पहिले काळे हवे असतात. त्याजागी 'इथपासून सुरू' शोधणारी दहा ओळींची बायनरी सर्च लिहिली.

शेवटचा बदल सर्वांत छोटा. फाइलच्या पहिल्या ओळीत की-नियमाची आवृत्ती लिहिली. 'शोध' ती वाचतो आणि आपल्या आवृत्तीशी जुळली नाही तर फाइल उघडत नाही. दोन्ही प्रोग्राम की काढतात ते एकाच सोर्स फाइलमधून.

निष्पत्ती

नवी यादी छापली, रात्रीची आणि दुपारची फाइल बाइट न बाइट सारखी आली. हरवण्याच्या तक्रारी थांबल्या. शुद्धीकरणामुळे एक अनपेक्षित गोष्ट झाली: ऱ च्या दोन रूपांमुळे वेगळी भासणारी काही नावे शेजारी आली आणि एकाच व्यक्तीच्या दुहेरी नोंदी उघड झाल्या. त्या निवडणुकीआधी हाताने तपासून मार्गी लावल्या.

सुमारे साठ नावांची चाचणी फाइल तयार झाली. तिच्यात प्रत्येक अवघड जोडी आहे आणि अपेक्षित क्रम सचिवांच्या सहीच्या टिपणावरून घेतला आहे. बांधणीच्या वेळी दोन्ही प्रोग्राम ती चालवतात.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या तक्रारीच्या वेळीच 'हा क्रम आणखी कोण वापरतो' एवढा प्रश्न विचारला असता तर 'शोध' सापडला असता. तुलना बदलणे हे यादीच्या दिसण्यातला बदल समजून केले गेले. खरे तर तो दोन प्रोग्राममधल्या करारातला बदल होता.

शुद्धीकरण क्रम लावताना करण्याऐवजी नोंद घेतानाच करायला हवे होते. आता ते प्रत्येक रात्री चाळीस हजार नावांवर होते आणि मूळ डेटा तसाच मळका आहे. तो बदलायचा तर पासबुक, केवायसी आणि नोंदवही यांतल्या नावांशी पुन्हा मेळ घालावा लागेल. संस्थेने ते काम पुढे ढकलले आहे.

चौथ्या पर्यायाबद्दल मतभेद शिल्लक आहेत. क्ष चा तो एक नियम सोडून दिला असता तर आयसीयू पुरली असती आणि इंग्रजी लिपीतली नावेही आपोआप नीट लागली असती. सध्या ती यादीच्या शेवटी, बाइटच्या क्रमाने पडतात. अशा नोंदी मोजक्या आहेत म्हणून चालते.

आणि 'डॉ.', 'ॲड.' हे अजून आडनावाच्याच रकान्यात आहेत. चार वकील सभासद त्यामुळे ॲल्मेडांच्या शेजारी छापले जातात. त्यांच्यासाठी वेगळा रकाना पुढच्या बदलात घेतला आहे.